तीन जहाजे

(एका देशाने दुसऱ्या देशावर सत्ता गाजवणे याला साम्राज्यवाद म्हणतात. इंग्रजांच्या साम्राज्याविषयी आपण इतिहासात वाचतो. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेनेही समुद्रापलीकडचे देश ताब्यात घेतले. त्याच काळात अमेरिकेहून आपल्या मुलखातही एक जहाज आले होते. ते कशासाठी आले, आणि इतर दोन जहाजे कोठे गेली, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन मोठी गावे आहेत. एक कर्जत रायगड जिल्ह्यात आहे. रेल्वेने मुंबईहून पुण्याला जाताना घाट लागण्यापूर्वी ते स्टेशन येते. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. दुसरे कर्जत घाटाच्या अलीकडे, देशावर आहे. ते अहमदनगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. आपण मात्र जुन्या काळाविषयी बोलणार आहोत, म्हणून या पाठात अहमदनगर हेच नाव वापरू.

या दुसऱ्या कर्जत तालुक्यात भीमा नदी आहे, सिद्धटेकचा गणपती आहे, राशीनची देवी आहे. रेहेकुरीच्या माळावर काळविटांचे कळप उड्या मारताना दिसतात. पण पाऊस फार कमी. सह्याद्रीला अडून ढग तिकडेच रिकामे होतात. म्हणून येथला शेतकरी आजही भेटला की आधी पावसाचीच गोष्ट काढतो.

तुम्ही म्हणाल, कर्जतच्या पावसाचा आणि अमेरिकेच्या साम्राज्याचा काय संबंध? संबंध आहे. तो समजण्यासाठी आपल्याला तीन जहाजांची हकीकत ऐकावी लागेल. तिन्ही जहाजे अमेरिकेने पाठवली. तिन्ही जहाजे चार वर्षांच्या आत निघाली. पहिल्यात तोफा होत्या. दुसऱ्यात धान्य होते. तिसऱ्यात शिक्षक होते.

पहिले जहाज : तोफांचे

अमेरिका हा देश एके काळी स्वतःच इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथील लोकांनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले आणि लढून ते मिळवले. ‘राज्य चालवायचे तर लोकांची संमती हवी,’ हे त्या लढ्याचे तत्त्व होते. मग असा देश दुसऱ्यांवर राज्य करायला का निघाला?

याची कारणे नीट लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कारखाने फार वाढले. माल खूप तयार होऊ लागला. १८९३ मध्ये तेथे मोठी मंदी आली. माल पडून राहिला, लाखो कामगार बेकार झाले. तेव्हा व्यापारी म्हणू लागले, “आम्हांला बाहेरच्या बाजारपेठा पाहिजेत. चीनमध्ये कोट्यवधी गिऱ्हाईक आहे.” पण चीन फार दूर. त्या काळी आगबोटी कोळशावर चालत. वाटेत कोळसा भरण्यासाठी बंदरे लागत. ज्याच्या हाती बंदरे, त्याच्या हाती समुद्र, असे आरमाराचे अधिकारी सांगू लागले.

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई बेटे आहेत. तेथे अमेरिकन मळेवाल्यांचे उसाचे मोठे मळे होते. नगर जिल्ह्यातील मुलांना ऊस आणि साखर यांचे मोल सांगायला नको! या मळेवाल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जानेवारी १८९३ मध्ये हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून दूर केले. त्या वेळी अमेरिकेचे सैनिक बंदरावर उतरले होते. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या देशाला जोडून घेतली.

त्याच वर्षी अमेरिकेचे स्पेनशी युद्ध झाले. क्यूबा हे बेट तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते. तेथील लोक स्वातंत्र्यासाठी लढत होते आणि स्पेन त्यांचा छळ करत होता. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी क्यूबाच्या हवाना बंदरात ‘मेन’ नावाच्या अमेरिकन युद्धनौकेत स्फोट झाला. अडीचशेहून अधिक माणसे मेली. अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी स्पेनच्या नावाने एकच ओरड केली. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले.

युद्ध क्यूबासाठी होते. पण पहिली मोठी लढाई झाली जगाच्या दुसऱ्या टोकाला, फिलिपिन्समध्ये. ही बेटेही स्पेनच्याच ताब्यात होती. अमेरिकेचा आरमारी अधिकारी जॉर्ज ड्युई आपला ताफा घेऊन मनिला बंदरात शिरला. ‘ऑलिंपिया’ ही त्याची मुख्य युद्धनौका. हेच आपले पहिले जहाज. १ मे १८९८ रोजी सकाळी तोफा सुरू झाल्या आणि काही तासांत स्पेनचे तेथील आरमार नष्ट झाले.

फिलिपिनो लोकांना आनंद झाला. तेही स्पेनविरुद्ध लढत होते. एमिलियो अगिनाल्दो हे त्यांचे तरुण पुढारी हाँगकाँगला राहत होते. त्यांना अमेरिकेच्याच एका जहाजातून मायदेशी आणण्यात आले. १२ जून १८९८ रोजी अगिनाल्दो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. २३ जानेवारी १८९९ रोजी त्यांनी प्रजासत्ताक स्थापन केले. त्यांची स्वतःची राज्यघटना होती, स्वतःचे निशाण होते.

पण तिकडे काय घडले? १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिस शहरात स्पेन आणि अमेरिका यांनी तह केला. प्वेर्तो रिको आणि ग्वाम ही बेटे अमेरिकेला मिळाली. फिलिपिन्ससाठी अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर दिले. एखादे शेत विकावे, तसा देश विकला गेला. आणि शेतात राहणाऱ्याला कोणी विचारलेही नाही. अगिनाल्दो यांच्या वकिलाला तहाच्या बैठकीत बसू दिले नाही.

‘आम्ही तुमच्या भल्यासाठीच आलो आहोत,’ असे अमेरिकेचे सरकार म्हणत होते. याच वेळी रुडयार्ड किपलिंग या इंग्रज कवीची एक कविता प्रसिद्ध झाली. या कवीचा जन्म १८६५ मध्ये आपल्या मुंबईत झाला होता. वडील मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिक्षक होते. कवितेचे नाव होते ‘गोऱ्या माणसाचे ओझे’. मागासलेल्या लोकांवर राज्य करणे हे गोऱ्या लोकांचे कर्तव्य आहे, असा तिचा रोख होता आणि ती अमेरिकेला उद्देशून लिहिली होती. काळ्या-सावळ्या लोकांना आपले काम आपण करता येत नाही, असे इंग्रज आपल्याबद्दलही म्हणत असत. आता तोच धडा अमेरिका गिरवू लागली.

४ फेब्रुवारी १८९९ रोजी मनिलाजवळ अमेरिकन शिपायांनी फिलिपिनो शिपायांवर गोळी झाडली आणि युद्ध पेटले. त्यानंतर दोनच दिवसांनी अमेरिकेच्या सिनेटने पॅरिसच्या तहाला मान्यता दिली. बाजूने ५७ मते, विरोधात २७. हव्या असलेल्या मतांपेक्षा फक्त एक मत जास्त पडले. म्हणजे अमेरिकेतही सर्वांना हे पसंत नव्हते, हे ध्यानात ठेवा.

युद्ध तीन वर्षांहून अधिक चालले. गावे जाळली गेली. लोकांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. अमेरिकेचे चार हजारांहून अधिक सैनिक मेले. फिलिपिन्सचे सुमारे वीस हजार लढवय्ये पडले. आणि भूक, रोगराई व हिंसा यांनी सुमारे दोन लाख सामान्य माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अगिनाल्दो १९०१ मध्ये पकडले गेले. ४ जुलै १९०२ रोजी अमेरिकेने युद्ध संपल्याचे जाहीर केले. दक्षिणेकडील सुलूच्या सुलतानाशी अमेरिकेने १८९९ मध्ये करार केला होता. तो करार १९०४ मध्ये अमेरिकेनेच मोडला, आणि तिकडे पुढेही अनेक वर्षे रक्त सांडत राहिले.

दुसरे जहाज : धान्याचे

आता आपण आपल्या मुलखात येऊ. मनिलाजवळ लढाई चालू होती, त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते?

१८९६-९७ मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० मध्ये दुसरा दुष्काळ आला. अहमदनगर आणि सोलापूर जिल्ह्यांचे फार हाल झाले. कर्जतसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात विहिरी आटल्या, चारा संपला, गुरे मेली. बायामाणसे, पोरेबाळे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रेल्वे होती. दूरच्या बाजारात धान्यही होते. पण ते विकत घेण्यासाठी लोकांच्या हाती पैसा नव्हता. सारा मात्र भरावा लागत होता. लोकमान्य टिळकांनी १८९६ मध्ये ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सांगितले, की दुष्काळात सारामाफी मागणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. दादाभाई नवरोजी यांनी १९०१ मध्ये इंग्रजीत मोठे पुस्तक लिहून दाखवून दिले, की हिंदुस्थानची संपत्ती दरवर्षी इंग्लंडला वाहून जाते आणि म्हणून हा देश गरीब होतो.

अशा वेळी १९०० मध्ये न्यूयॉर्कहून एक जहाज निघाले. त्याचे नाव ‘क्विटो’. त्यात सुमारे दोन लाख बुशेल, म्हणजे जवळजवळ पाच हजार टन मका होता. अमेरिकेतील ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाच्या साप्ताहिकाने आपल्या वाचकांना मदतीची हाक दिली होती. सामान्य माणसांनी आपापल्या परीने वर्गणी दिली. जहाजाचे भाडे अमेरिकेच्या सरकारने भरले. ते धान्य मुंबईला उतरले आणि दुष्काळी भागांत वाटले गेले.

वाटपाच्या कामात एक नाव अहमदनगरचे आहे. ते म्हणजे रॉबर्ट ह्यूम. त्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला. ते अमेरिकन मिशनरी होते आणि अहमदनगरला राहून काम करत. दुष्काळातील सेवेबद्दल त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ हे सुवर्णपदक मिळाले. त्यांची ‘अमेरिकन मराठी मिशन’ ही संस्था १८३१ पासून अहमदनगरला होती. तिच्या सिंथिया फॅरार या शिक्षिकेने तेथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा पाहून महात्मा फुले यांना मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांची शाळा सुरू झाली.

मित्रांनो, येथे थांबून विचार करा. मनिलात तोफा डागणारेही अमेरिकन, आणि भुकेल्यांसाठी मका पाठवणारेही अमेरिकन. मग अमेरिका चांगली की वाईट?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणत्याही देशात सगळी माणसे सारखी नसतात. आणि देशाचे सरकारही प्रत्येक ठिकाणी सारखे वागत नाही. मार्क ट्वेन या प्रसिद्ध विनोदी लेखकाचेच उदाहरण घ्या. ते जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला आले होते. १८९८ मध्ये त्यांना वाटले, की आपला देश क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण पॅरिसचा तह वाचल्यावर त्यांचे मत बदलले. फिलिपिनो लोकांना मुक्त करायचे नसून त्यांना ताब्यात घ्यायचे आहे, हे त्यांनी ओळखले. ते साम्राज्यविरोधी संघटनेचे उपाध्यक्ष झाले आणि आपल्याच सरकारवर त्यांनी उघड टीका केली. आपली चूक कळल्यावर मत बदलायला धैर्य लागते. आपल्या देशाची चूक दाखवायला त्याहून अधिक धैर्य लागते.

तिसरे जहाज : शिक्षकांचे

तिसऱ्या जहाजाचे नाव ‘थॉमस’. ते ऑगस्ट १९०१ मध्ये मनिलाला पोहोचले. त्यातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक व शिक्षिका उतरल्या. लोकांनी त्यांना जहाजाच्या नावावरून ‘थॉमसाइट’ म्हटले. ते गावोगाव गेले. त्यांनी शाळा चालवल्या, मुलांना लिहायला-वाचायला शिकवले. त्यांच्यापैकी काहीजण साथीच्या रोगांनी तेथेच मेले. अनेक शिक्षकांनी मनापासून काम केले, यात शंका नाही.

पण शाळेत शिकवण्याची भाषा ठरली इंग्रजी. मुलांची घरची भाषा टागालोग, विसाया, इलोकानो किंवा आणखी कुठली असे. ती भाषा वर्गाबाहेर राहिली. इतिहास, भूगोल, गाणी, सगळे इंग्रजीतून. मुलांना दूरदेशीच्या बर्फाचे धडे मिळाले; पण अगिनाल्दो यांच्या प्रजासत्ताकाविषयी त्या पुस्तकांत अभिमानाने काही लिहिलेले नव्हते.

तुम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकता. गणित, विज्ञान उर्दूतून समजून घेता. मराठी आपल्या राज्याची भाषा म्हणून शिकता. इंग्रजी जगाशी बोलण्यासाठी शिकता. भाषा शिकल्याने माणूस मोठाच होतो. नवी भाषा घरात पाहुणी म्हणून आली, तर घराची शोभा वाढते. पण तिने आल्याबरोबर घरच्या भाषेला अंगणात काढले, तर त्याला शिक्षण म्हणावे की राज्य करणे म्हणावे?

पाहुणा आणि मालक यांत हाच फरक आहे. पाहुणा दार वाजवतो. ‘येऊ का?’ म्हणून विचारतो. मालक विचारत नाही. पाहुण्याला ‘आता निरोप घ्या’ असे म्हणता येते. मालकाला म्हणता येत नाही. ‘क्विटो’मधील मका पाहुण्यासारखा आला. मनिलाची शाळा चांगली असली, तरी ती तोफांच्या मागोमाग आली होती. म्हणून कोणी ‘तुमच्या भल्यासाठी आलो आहोत’ असे म्हणाले, की एवढेच विचारावे : ‘आम्हांला विचारले होते का? आणि आम्ही नको म्हटले तर तुम्ही परत जाल का?’

याच प्रश्नासाठी आपल्या देशातही लोक तुरुंगात गेले. अहमदनगरचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. इंग्रजांनी तो १८०३ मध्ये घेतला. १९०१ च्या सुमारास इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाचे कैदी हजारो मैलांवरून अहमदनगरला आणून ठेवले. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिल्यावर पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि इतर नेते याच किल्ल्यात कैद झाले. मौलाना आझाद यांच्या ज्या ‘गुबार-ए-खातिर’ची भाषा उर्दूत नावाजली जाते, त्यातील पत्रे त्यांनी येथेच लिहिली.

पुढे काय झाले? भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. फिलिपिन्स त्याच्या एक वर्ष आधी, ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाला. अगिनाल्दो तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. आपल्या देशाचे स्वातंत्र्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले. हवाई १९५९ मध्ये अमेरिकेचे एक राज्य झाले. राणीला गादीवरून काढल्याबद्दल अमेरिकेच्या संसदेने १९९३ मध्ये हवाईच्या लोकांची माफी मागितली. त्या घटनेला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. प्वेर्तो रिको आणि ग्वाम मात्र अजूनही अमेरिकेच्याच ताब्यात आहेत.

मित्रांनो, तोफा, धान्य आणि पुस्तके यांची ही हकीकत विसरू नका. तुमच्यापैकी काहीजण उद्या मोठे अधिकारी व्हाल, शिक्षक व्हाल, व्यापारी व्हाल. कोणाच्या तरी भल्यासाठी त्याच्या दारात जाल. तेव्हा आधी दार वाजवा.

शब्दार्थ

साम्राज्य – सल्तनत, अनेक देशांवरील राज्य
आरमार – समुद्रावर लढणारी फौज
मंदी – व्यापार थंडावणे
तह – युद्ध थांबवण्यासाठी केलेला करार, सुलह
प्रजासत्ताक – लोकांचे राज्य, जम्हूरियत
दुष्काळ – कहत
सारा – जमिनीवरील सरकारी कर, लगान
वर्गणी – चंदा
संमती – रजामंदी
धडा गिरवणे – दुसऱ्याने केले तसेच करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अहमदनगर जिल्ह्यातील कर्जतला पाऊस कमी का पडतो?
(आ) फिलिपिन्ससाठी अमेरिकेने स्पेनला किती रक्कम दिली?
(इ) ‘क्विटो’ जहाजात काय होते?
(ई) मौलाना आझाद यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात काय लिहिले?

प्र. २. जोड्या लावा.
ऑलिंपिया – शिक्षक
क्विटो – तोफा
थॉमस – मका

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अमेरिकेला दूरची बंदरे का हवी होती?
(आ) मार्क ट्वेन यांचे मत का बदलले?
(इ) पाहुणा आणि मालक यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

प्र. ४. अनेकवचन लिहा. (नमुना : जहाज – जहाजे)
बंदर, बेट, पुस्तक, शेत, घर

प्र. ५. जहाज, फौज, करार, वकील, कैद, मालक हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : जगाच्या नकाशात न्यूयॉर्क, मुंबई, मनिला, हवाई व क्यूबा दाखवा. तुमच्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या दुष्काळाची आठवण विचारा आणि ती दहा ओळींत मराठीत लिहा.